बंबात झाड लावण्याआधी

पुण्याच्या पेठेतला एखादा वाडा पाडायला घेतला की सागवान आधी जातं, मग लोखंड, आणि उरलंसुरलं सामान हळूहळू बाजारात दिसू लागतं. तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, मंगळुरी कौलं, कोळशाची शेगडी. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी या वस्तू उचलून, उलट्यासुलट्या करून पाहणारे सगळेच काही संग्राहक नसतात. बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच विचार असतो: यात काय लावता येईल?

हौस चांगलीच आहे. पण वस्तू निवडतात डोळे आणि तिच्यात राहायचं असतं मुळांना. नक्षी, जुना रंग, पडलेला पोचा यातलं मुळांना काही कळत नाही. त्यांना कळतं ते एवढंच: पाणी किती वेळ साचतं, हवा कुठून येते, भिंत किती तापते आणि भांड्यातून मातीत काय उतरतं.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण गॅलरीतली झाडं तहानेपेक्षा पाण्याने जास्त मरतात. पुण्यात वर्षाला साधारण ७००-७५० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कोकणाच्या मानाने फारच कमी. तरी जुलै-ऑगस्टमधली ती दिवस दिवस चालणारी भुरभुर कुंड्यांना भारी पडते. ऊन नाही, पानांतून बाष्प उडत नाही आणि माती सुकत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना श्वास घेता येत नाही, कारण प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. भांड्याला तळाशी भोक हवं ते पाणी जाण्यासाठी, आणि त्या पाण्याच्या जागी हवा आत येण्यासाठीही.

मात्र भोक पाडलं म्हणून सगळं पाणी निघून जात नाही. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा. ठिबकायचा थांबला की तोच उभा करा, आणखी पाणी गळेल. स्पंज तोच आहे, बदलली फक्त उंची. बारीक पोकळ्या केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात आणि गुरुत्वाकर्षण ते खाली ओढतं. या ओढाताणीत तळाशी पाण्याने गच्च भरलेला एक थर उरतोच. त्याची जाडी मातीच्या पोतावर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. समजा तुमच्या मिश्रणात हा थर चार सेंटिमीटरचा आहे. ३२ सेंटिमीटर खोल बादलीत तो आठवा हिस्सा झाला, पण आठ सेंटिमीटरच्या परातीत निम्मी जागा त्यानेच खाल्ली. म्हणून घंगाळ, परात, जुनं तसराळं अशी उथळ भांडी दिसायला कितीही देखणी असली तरी त्यांत माती भुसभुशीत लागते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमी, जाड वाळू आणि विटांचा चुरा जास्त, आणि झाडंही उथळ मुळांची, कोरडेपणा सोसणारी.

इथे एका जुन्या समजुतीला हात घालावा लागेल. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर दिला की पाणी चांगलं निघतं, असं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं आहे. प्रत्यक्षात होतं उलट. मातीतल्या बारीक पोकळ्यांनी धरलेलं पाणी खापऱ्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती जवळजवळ तुडुंब झाल्यावरच ते खाली जातं. तो गच्च थर तसाच राहतो, फक्त खापऱ्यांच्या उंचीइतका वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर एखादी खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. बाकीचे तुकडे फोडून मातीत मिसळलेले बरे.

आता उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, पण तो सावलीतल्या हवेचा. पश्चिमेच्या गॅलरीत उन्हात ठेवलेल्या काळ्या कुंडीच्या भिंतीलगतची माती पन्नाशीही ओलांडू शकते, आणि बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ ४० अंशांच्या अलीकडेच मंदावते. पत्रा उष्णता झटकन आत पोचवतो. याउलट न झिलई दिलेलं कौल किंवा मातीचं मडकं सच्छिद्र असतं, त्यातून पाणी झिरपून बाहेर उडतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खर्च होते आणि त्यातली बरीचशी भांडं आणि माती यांच्याकडूनच घेतली जाते. माठातलं पाणी गार राहतं ते याच कारणाने. वाड्याची जुनी कौलं तारेने जोडून केलेली कुंडी म्हणजे उन्हाळ्यातली उत्तम सोय. तिला पाणी मात्र जास्त वेळा घालावं लागतं.

थर्माकोलची खोकी दिसायला अगदीच दरिद्री, पण मुळांच्या दृष्टीने उन्हाळ्यातला महाल. थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवाच असते, त्यामुळे उष्णता आत शिरायला वेळ लागतो. २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तरी मासळीच्या आणि यंत्रांच्या वेष्टनांतली खोकी अजून दिसतात. तळाशी भोकं पाडा, बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि पालक लावा. उन्हाने थर्माकोलचा वरचा थर पिवळा पडून भुगा होऊ लागतो, तेवढ्यासाठी गोणपाट हवंच.

पत्र्याच्या डब्यांना पूर्ण नाकारायचं कारण नाही. डालडाच्या डब्यात तुळस हे दृश्य कित्येक चाळींनी पाहिलं आहे. तो डबा गंजतो कसा, हे मात्र पाहण्यासारखं. खाद्यतेलाच्या डब्याच्या पोलादावर कथिलाचा पातळ थर असतो. थर अखंड आहे तोवर ठीक, पण एकदा ओरखडा पडला की लोखंड कथिलापेक्षा आधी झिजतं आणि गंज झपाट्याने पसरतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत बरोबर उलट होतं, जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. लोखंडाचा गंज झाडाला बाधत नाही. जस्त थोडं लागतंच, जास्त झालं तर विषारी. ते आम्लधर्मी मातीत अधिक विरघळतं, आणि आपल्याकडची काळी माती सहसा विम्लधर्मी असल्याने हा धोका कमी असतो. कोकोपीट आणि शेणखत यांचं मिश्रण भरलं तर हा हिशेब बदलतो.

खरी काळजी तांब्या-पितळेची. पितळी भांड्यात ताक कळकतं म्हणून घरोघरी कल्हई लावत आणि बंब चिंचेने घासत. दोन्ही ठिकाणी आम्ल तांबं किंवा त्यावरचा थर विरघळवतं. ओल्या मातीत कुजणाऱ्या पानांतून आणि खुद्द मुळांतूनही सौम्य आम्लं निघतात, त्यामुळे तेच काम तिथे संथपणे चालू राहतं. झाडाला तांबं लागतं ते अगदी नाममात्र. त्याहून जास्त मिळालं की मुळांची टोकं वाढायची थांबतात. हे इतकं खात्रीचं आहे की काही रोपवाटिका कुंडीच्या आतून तांब्याच्या क्षाराचा लेप देतात, म्हणजे मुळं भिंतीला टेकली की तिथेच थांबतात आणि कुंडीत गोल गोल गुंडाळत नाहीत. म्हणजे बंबात माती भरून थेट झाड लावलं तर आपण नकळत तोच प्रयोग करतो, फक्त मात्रा आपल्या हातात नसते. उपाय सोपा: प्लास्टिकच्या कुंडीत लावलेलं झाड बंबात ठेवा. बंबाला भोकही पाडावं लागत नाही. नाही तर आजीच्या बंबाला ड्रिल मशीन लावायचं म्हणजे घरात आधी महायुद्ध.

जुन्या दारं-खिडक्यांच्या चौकटी वापरताना रंगाकडे लक्ष द्या. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाचे पोपडे मातीत पडत असतील तर तिथे कोथिंबीर नको. असलं लाकूड कोरडं घासूही नये, ती धूळ श्वासातून जाते. मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटवर शिक्का असतो, तो वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना निदान ३० मिनिटं तापवलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. पहिलं घ्या, दुसरं तिथेच ठेवा.

भाद्रपदात गॅलरीत नवा माल येतो तो गणपतीचा. मूर्ती शाडूची असेल तर बादलीत विरघळून ती पुन्हा मातीच होते. पण पीओपीचं काय? पीओपी म्हणजे बरंचसं पाणी काढून टाकलेलं जिप्सम, कॅल्शियम सल्फेट. पाणी लागलं की ते पुन्हा जिप्सम होतं, आणि ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणून मूर्ती महिनोन्‌महिने तशीच राहते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर उपाय दिला तो अमोनियम बायकार्बोनेटचा. बेकरीत बिस्किटं फुगवायला वापरतात तेच हे रसायन. त्याच्या द्रावणात मूर्ती ठेवली की हळूहळू फसफसत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूसारखा गाळ, तळाशी बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं. पुणे महापालिकेने गणेशोत्सवात ही पावडर नागरिकांना वाटलीही आहे. अमोनियम सल्फेट हे शेतकऱ्यांच्या ओळखीचं खत, त्यात २१ टक्के नत्र. भरपूर पाण्यात मिसळून ते जास्वंदीला, मोगऱ्याला घालता येतं. पण मूर्तीवरचे रंगही त्याच बादलीत उतरलेले असतात, त्यामुळे भाजीच्या वाफ्यापासून ते लांबच ठेवलेलं बरं. बादलीही मोकळ्या हवेत ठेवावी, कारण अमोनियाचा भपकारा घरातल्या कुणालाच आवडत नाही.

शाडूचा चिखल कुंडीत सरसकट ओतू नका. त्याचे कण इतके बारीक की सुकल्यावर पृष्ठभाग कवचासारखा होतो आणि पाणी घातलं तर बाजूने ओघळून जातं. त्याला खरी जागा आहे दिवाळीच्या किल्ल्यात. विटा, फुटकी फरशी, रिकामे खोके यांच्यावर गोणपाट टाकायचं आणि वरून माती लिंपायची, हे बांधकाम पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीतल्या पोरांना शिकवावं लागत नाही. बाकीची माती भुसभुशीत आणि लिंपणात थोडा शाडू असला की तट सरळ उभे राहतात. आतलं गोणपाट ओलं असेल तर तागाच्या धाग्यांतून पाणी उतारावर पसरत राहतं.

आणि मग हिरवळ. मोहरी चालते, पण उतारासाठी अळीव सरस. अळिवाची खीर ज्यांनी पाहिली आहे त्यांना कारण ठाऊक आहे: भिजलं की प्रत्येक बी बुळबुळीत आवरणात गुंडाळलं जातं. बीच्या सालीतल्या पेशींमध्ये साठवलेली ही लांबलचक शर्करा-साखळी पाणी शोषून फुगते. निसर्गात त्याचे दोन फायदे. बी मातीला चिकटून राहतं, त्यामुळे पावसाने वाहून जात नाही आणि मुंग्यांनाही ते उचलणं कठीण जातं. शिवाय अंकुर फुटेपर्यंत ओलावा त्याच्या अंगालगत राहतो. किल्ल्याच्या कड्यावर मोहरी घरंगळून पायथ्याशी जमते, अळीव जिथल्या तिथे बसतं. एक-दोन दिवसांत मोड दिसतो. वसुबारसेला किल्ला हिरवा हवा असेल तर चार-पाच दिवस आधी पेरायला हवं.

रोपं उगवली की कड्याकडे बाजूने पाहा. उतार कितीही तिरका असो, रोपं उताराला काटकोनात उभी राहत नाहीत, सरळ आभाळाकडे जातात. थॉमस नाइट या इंग्रज बागायततज्ज्ञाने १८०६ मध्ये पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधून हे तपासलं. चाक वेगाने फिरताना मुळं बाहेरच्या दिशेने गेली आणि खोडं मध्याकडे. म्हणजे झाड ओढ ओळखतं, मग ती पृथ्वीची असो की चाकाची. मुळाच्या टोकाशी पिष्टमय पदार्थाचे जड कण असतात. ते पेशीत ज्या बाजूला बसतील ती बाजू खालची, अशी ही खूण आहे. किल्ला खिडकीजवळ असेल तर दुसरा खेळही दिसेल: सगळी रोपं प्रकाशाकडे कललेली. ऑक्झिन हे संप्रेरक सावलीतल्या बाजूला जास्त जमतं, ती बाजू जास्त लांबते आणि खोड वाकतं. कागदी मावळे मात्र सरळच उभे राहतात, त्यामुळे गडावर सगळे झाडांच्या उलट दिशेला निघाल्यासारखे वाटतात.

दिवाळी संपली की किल्ल्यावरचं अळीव कापून कोशिंबिरीत घालता येतं. चव तिखटसर, कारण ते मोहरीच्याच कुळातलं. पान चावलं की त्यातलं विकर (एन्झाइम) आणि गंधकयुक्त रसायन एकत्र येऊन ती झणझणी तयार होते. रंगवलेल्या मूर्तीची माती वापरली असेल तर हा बेत सोडून द्या.

सजावटीत आणखी एक गोष्ट लागते ती शेवंती, आणि तिचा संबंध अंधाराशी आहे. गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिलं की काही झाडांना फुलायचं की नाही हे दिवसाच्या लांबीवरून कळतं. पुढे समजलं की झाड मोजतं ते खरं तर रात्र. शेवंतीला लांब आणि अखंड रात्र हवी असते. पुण्यात जूनमधला दिवस तेरा तासांहून थोडा मोठा, दसऱ्यापर्यंत तो बारा तासांच्या आत येतो, आणि शेवंती कळ्या धरू लागते. पण मध्यरात्री गॅलरीतला दिवा लागला किंवा रस्त्यावरचा दिवा थेट कुंडीवर पडत राहिला, तर पानांतलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य तो प्रकाश टिपतं आणि रात्रीचं मोजमाप बिघडतं. झाड हिरवंगार वाढतं, कळी मात्र येत नाही. शेजारच्याच अंधाऱ्या गॅलरीतली शेवंती फुललेली पाहून लोक खताला दोष देतात.

अशा वेळी फ्रिजचा किंवा वॉशिंग मशीनचा मोठा पुठ्ठ्याचा खोका कामाला येतो. सप्टेंबरच्या मध्यापासून रोज संध्याकाळी सहा-साडेसहाला तो कुंडीवर पालथा घालायचा आणि सकाळी सात-आठला काढायचा. फटींतून उजेड येत असेल तर आतून जुनं काळं कापड लावायचं, आणि वर हवेसाठी एखादी आडोशाची फट ठेवायची, नाही तर आतल्या दमटपणाने बुरशी धरते. मधल्या एखाद्या रात्री विसरलात तर आकाश कोसळत नाही, पण सलग विसरू नका. कळ्यांना रंग दिसू लागला की खोका रद्दीत द्यायला हरकत नाही. त्यानंतर कुंडीच्या डोक्यावर आकाशकंदील रात्रभर पेटता राहिला तरी शेवंतीचं काही बिघडत नाही.