बार्शी लाईट : रामलिंगचा घाट आणि धाराशिवचा वळसा

मुख्य लोहमार्ग बार्शीला बाजूला ठेवून गेला. कापूस आणि धान्याची एवढी मोठी पेठ, पण तिचं स्टेशन ३४ किलोमीटर दूर. त्याचं नाव 'बार्शी रोड', म्हणजे आजचं कुर्डुवाडी. हे अंतर १८९७ मध्ये एका विलायती कंपनीने अडीच फुटी रुळांनी जोडलं. हीच बार्शी लाईट रेल्वे. गाडी १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारने सगळी सव्वातीनशे किलोमीटरची लाईन विकत घेतली.

नावातल्या 'लाईट'चा अर्थ हलकी. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, असा हिशेब होता. म्हणून रूळ हलके, वळणं आवळ आणि खर्च कमी. वारीच्या दिवसांत मालडब्यांत वारकरी बसवून नेत.

पुढे हे अरुंद रूळ काढून रुंद, म्हणजे ब्रॉडगेज, रूळ टाकायचं ठरलं. या रुंदीकरणात खरा प्रश्न आला तो मार्गाचा. जुनी गाडी पांगरीहून रामलिंगच्या घाटाने थेट येडशीला चढायची. जिल्ह्याचं ठिकाण असलेलं धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद, तिथून वीसेक किलोमीटरवर राहायचं. जवळजवळ शंभर वर्षं तिथल्या माणसाला रेल्वेसाठी आधी येडशी गाठावी लागे. नवा मार्ग पांगरीहून आधी धाराशिव आणि मग येडशी असा आखला गेला. त्याने लातूरचं अंतर वाढलं, हे कोणी नाकारणार नाही. कुर्डुवाडीहून लातूरला जाणारा प्रत्येक जण हा वळसा आजही घेतो. तरीही जिल्ह्याच्या गावाला पुन्हा वगळून रूळ टाकणं हा अन्याय ठरला असता. रामलिंगच्या झाडीतली ती गाडी गेली याची हळहळ मलाही आहे, पण हळहळीपायी एक शहर तुटलेलं ठेवता येत नाही. २००८ पर्यंत कुर्डुवाडी–लातूर मार्ग रुंद झाला, शेवटी पंढरपूर–मिरज.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा मिरजेत भरलेले दहा टाकीडबे पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत लातूरला आले. पाच लाख लिटर पाणी. पुढच्या गाड्या पन्नास डब्यांच्या होत्या. एका डब्यातलं नुसतं पाणीच पन्नास टन. जुन्या लाईनवर चार आसांच्या डब्याला स्वतःच्या वजनासकट वीस टनांची मुभा होती.