वारा देतो कमी, घेतो जास्त

लंडन ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. परतीचंही तेवढंच. तरी वेळापत्रक पाहिलं तर जाताना साधारण आठ तास आणि येताना सात. (तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, त्यामुळे आधी पाच तासांचा फरक जुळवून घ्यावा लागतो.)

हा फरक पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडतो, असं अनेकांना वाटतं. पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते. तिच्यामुळेच वेळ वाचत असता, तर न्यूयॉर्क विमानाच्या दिशेने सरकत आलं असतं आणि जातानाच कमी वेळ लागला असता. घडतं नेमकं उलट. जमिनीबरोबर हवाही फिरत असते आणि विमान त्या हवेतच उडत असतं.

खरी करामत वाऱ्याची. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, ध्रुवाकडची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा जिथे भिडतात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा वेगवान पट्टा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण भागाकडून ध्रुवाकडे निघालेल्या हवेला पूर्वेकडे वळवते ती मात्र पृथ्वीच्या फिरण्यातून येणारी कोरिऑलिस प्रेरणा, तेव्हा पृथ्वीवर संशय घेणारे अगदीच चुकत नाहीत! जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम, मोजक्याच लोकांना येणाऱ्या भाषेत लिहिला आणि जगाचं त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये, कियारा वादळाच्या वेळी, एक जंबो जेट न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. ध्वनीचा वेग मात्र त्याने ओलांडला नव्हता, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं.

मग येताना जे कमावलं आणि जाताना जे गमावलं, त्याची फिटंफाट होते का? नाही. विमानाचा वेग ताशी ९०० धरू. वारा नसेल तर जाऊन-येऊन १२ तास १९ मिनिटं. ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल, तर येताना ५ तास ३२ मिनिटं, जाताना ६ तास ५५. म्हणजे एकूण आठ-नऊ मिनिटांचा तोटाच. वारा दुप्पट झाला की तोटा जवळपास चौपट, ३८ मिनिटं! विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून हिशेब कधीच बरोबरीत सुटत नाही.

म्हणून उत्तर अटलांटिकवरचे हवाई मार्ग वाऱ्याचा अंदाज पाहून रोज दोनदा आखले जातात. लंडनकडे येणारी विमानं बहुतेक रात्री उडतात आणि प्रवाह पकडतात. न्यूयॉर्कला निघालेली दिवसा उडतात आणि त्याला बगल देतात. या बगलेपायी कधी कधी उत्तरेकडून मोठा वळसा पडतो, तरी विमान सरळ मार्गापेक्षा लवकर पोहोचतं.