पार्श्वभूमी: कोकणातल्या पेट्यांत मेलिफेरा आली कुठून?

आंबा-काजूच्या बागेत मधमाश्यांची पेटी असावी, यावर आता वाद नाही. वाद आहे तो माशी कोणती यावर: इथली देशी सातेरी की युरोपातून आलेली मेलिफेरा. भांडण रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं असलं तरी त्याची सुरुवात १९६२ ते १९६४ या काळात कांगड्याच्या नगरोटा बगवानला (आज हिमाचलात, तेव्हा पंजाबात) झाली.

युरोपातली माशी इथे रुजवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून फसत आले होते. अख्ख्या वसाहती आणायच्या तर सोबत रोगही येणार. पंजाबातल्या एका कीटकशास्त्रज्ञाने वेगळी वाट काढली. फक्त राण्या मागवायच्या आणि राणी काढून घेतलेल्या सातेरीच्या पेटीत त्या रुजवायच्या. परक्या राणीची पिल्लं सातेरीच्या कामकरी माश्यांनीच वाढवली. हंगामात कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते, त्यामुळे जुन्या माश्या संपत गेल्या आणि पेटी मेलिफेराची झाली. प्रयोग बिनतोड होता. तो मोहरीच्या सपाट मुलखासाठी होता, हे मात्र पुढे विसरलं गेलं.

‘मेलिफेराने सातेरीला रोग दिला’ हे वाक्य कोकणात हमखास ऐकू येतं. ज्या विषाणूने १९९१-९२ मध्ये दक्षिणेतल्या सातेरीच्या वसाहती झपाट्याने मारल्या, तो थाई सॅकब्रूड. १९७६ मध्ये थायलंडात तो सापडला तोही सातेरीच्याच जातीत, आणि १९७८ मध्ये मेघालयात पोचला. म्हणजे तो आरोप टिकत नाही. उलट व्हरोआ हा कोळीवर्गातला परजीवी मूळचा सातेरीचा. ती त्याला अंगावरून झटकून टाकते, मेलिफेराला ते नीट जमत नाही.

मधाच्या हिशेबात मेलिफेरा कितीतरी पुढे आहे. पण बागायतदाराला मध नको, फळधारणा हवी. त्यातही आंब्याच्या मोहोरावर परागीभवनाचं बरंचसं काम मधमाश्या नव्हे, साध्या माश्याच करतात, हे पेट्या विकणारे सांगत नाहीत. मोहोरावरच्या फवारणीत तर दोन्ही जाती सारख्याच मरतात.

सातेरी पेटी सोडून जाते, ही तक्रार खरी आहे. पावसाळ्यात फुलोरा आटला किंवा मेणकिडा लागला की सगळी वसाहत उडून जाते; जून ते सप्टेंबर साखरेचा पाक द्यावाच लागतो. मेलिफेरालाही तो लागतोच. पण मोहोरापुरत्या आलेल्या तिच्या पेट्या तोवर घाटावर गेलेल्या असतात, म्हणून बागेत ते कोणाला दिसत नाही, इतकंच.