कॅरिबियन कथा: बेटांवरून लंडनला आणि परत

ब्रिटिश कॅरिबियनमधील वसाहतकालीन जीवनाच्या आणि परागंदेपणाच्या कथा वाचताना एक विसंगती लक्षात येते. त्या लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी बेट केव्हाच सोडलेले होते आणि ज्या गल्ल्यांत त्या घडतात, तिथल्या लेखकाला पुस्तक छापून घ्यायचे तर लंडनच गाठावे लागे. या कथेची घडण समजून घ्यायची, तर हे अंतर कसे पडले ते पाहावे लागते.

गुलामगिरी 1834 मध्ये कायद्याने संपली आणि मुक्त झालेल्यांना जुन्या मालकांकडेच राबवणाऱ्या सक्तीच्या उमेदवारीचा काळही 1838 पर्यंत सरला. मळेवाल्यांना एकूण 2 कोटी पौंड भरपाई मिळाली. राबलेल्यांना काहीच मिळाले नाही. उसाच्या मळ्यांसाठी 1838 पासून ब्रिटिश गयानात आणि 1845 पासून त्रिनिदादमध्ये हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. ही पद्धत बंद करावी असा ठराव गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1912 मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडला आणि तो फेटाळला गेला; मजूरभरती थांबली ती 1917 मध्ये. आफ्रिकी आणि हिंदुस्थानी वंशाच्या या मजुरांची मुले पुढे शाळेत गेली, तेव्हा क्रमिक पुस्तकांत इंग्लंडमधली फुले, इंग्लंडमधले ऋतू आणि इंग्लंडचे राजे होते. स्वतःची गल्ली हा साहित्याचा विषय होऊ शकतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

ते धाडस प्रथम नियतकालिकांनी केले. सी. एल. आर. जेम्स यांची ‘ट्रायम्फ’ ही कथा 1929 मध्ये त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये प्रसिद्ध झाली. तिचे स्थळ आहे बॅरक-यार्ड: सामाईक अंगणाभोवती एकेका खोलीची बिऱ्हाडे, जवळजवळ आपली चाळच. 1931 ते 1933 या काळात ‘बीकन’ मासिकाने हाच धागा पुढे नेला. हे लेखक बहुतेक मध्यमवर्गीय होते, जेम्स तर शिक्षकच. त्यामुळे या कथांत आस्था भरपूर असली, तरी पाहणारा अंगणाच्या कडेला उभा आहे हे जाणवत राहते. जेम्स स्वतः 1932 मध्ये इंग्लंडला गेले.

परागंदेपणाची वाट मात्र केवळ लंडनची नव्हती. 1904 ते 1914 या काळात अमेरिकेने पनामा कालवा खणला, तेव्हा बार्बाडोस, जमैका आणि इतर बेटांवरून हजारो मजूर तिकडे गेले. तिथे गोऱ्या अमेरिकनांची नावे ‘सोन्याच्या’ (सोन्याच्या नाण्यांत पगार मिळणाऱ्यांच्या) हजेरीपटावर आणि या मजुरांची ‘चांदीच्या’ पटावर असत. गयानात जन्मलेल्या एरिक वॉलरंड यांनी 1926 च्या ‘ट्रॉपिक डेथ’ या संग्रहात हे जग आणले.

कथेला खरा श्रोतृवर्ग दिला तो रेडिओने. जमैकाच्या ऊना मार्सन यांनी 1943 मध्ये बीबीसीवर ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ हा साहित्यवाचनाचा कार्यक्रम सुरू केला. 1946 पासून निर्माते हेन्री स्वॉन्झी यांनी तो आठ वर्षे सांभाळला. हस्तलिखिते जमैकातील किंग्स्टन येथे बीबीसीच्या प्रतिनिधी ग्लॅडिस लिंडो यांच्याकडे जमत, तिथून लंडनला जात, मायक्रोफोनसमोर वाचली जात आणि ध्वनिलहरींवरून पुन्हा बेटांवर पोहोचत. बार्बाडोसचे जॉर्ज लॅमिंग यांनी या प्रवासाची तुलना साखरेशी केली: कच्चा माल इथून जायचा आणि शुद्ध होऊन परत यायचा. टीका रास्त होती, कारण काय ‘अस्सल स्थानिक’ हे अखेर लंडनमध्ये ठरत होते. पण मोबदला, शिस्त आणि कानावर पडणारी बोली या तीनही गोष्टी लेखकांना तिथेच मिळाल्या, हेही तितकेच खरे. कथा वाचून दाखवायची असल्याने तिचा निवेदक हळूहळू पुस्तकी इंग्रजी सोडून बोलू लागला.

त्रिनिदादचे व्ही. एस. नायपॉल 1954 मध्ये याच कार्यक्रमाचे संपादन करू लागले. 1955 मध्ये बीबीसीच्या लँगम इमारतीतल्या मुक्त लेखकांच्या खोलीत त्यांनी तिथला टाइपरायटर आणि मायक्रोफोनपुढे सळसळू नये म्हणून वापरला जाणारा गुळगुळीत कागद घेऊन पोर्ट ऑफ स्पेनमधल्या एका रस्त्याची कथा लिहिली. त्यातून झालेला ‘मिगेल स्ट्रीट’ हा संग्रह लिहिला गेला आधी, पण आला 1959 मध्ये, दोन कादंबऱ्यांनंतर. कारण नवख्या लेखकाच्या कथा खपत नाहीत, असा प्रकाशकाचा हिशेब होता.

त्रिनिदादचेच सॅम सेल्व्हन यांनी 1957 च्या ‘वेज ऑफ सनलाइट’मध्ये संग्रहाचेच दोन भाग केले, त्रिनिदाद आणि लंडन. त्यातला ब्रॅकली टीनाला टाळून टोबॅगोहून लंडनला पळतो. ती मागोमाग येऊन त्याची एकमेव खाट बळकावते. जमिनीवर झोपून कंटाळलेला ब्रॅकली खाटेसाठी लग्नाला तयार होतो आणि लग्न झाल्यावर कळते की टीनाची आत्या येते आहे. खाटेवर त्या दोघी झोपणार. परागंदेपणावरचे जड लेखन पुष्कळ आहे. खोलीचे भाडे, थंडी आणि एकटेपणा या एका खाटेत बसवणे मला अधिक कठीण वाटते.

‘कॅरिबियन व्हॉइसेस’ 1958 मध्ये बंद झाले. 1962 च्या जुलैत ब्रिटनने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा लागू केला आणि ऑगस्टमध्ये जमैका व त्रिनिदाद स्वतंत्र झाले. पुढच्या पिढीचे पत्ते बदलले: बार्बाडोसचे ऑस्टिन क्लार्क टोरोंटोतून, अँटिग्वाच्या जमैका किंकेड न्यूयॉर्कमधून लिहू लागल्या आणि सेल्व्हनही 1978 मध्ये कॅनडाला गेले.