अमेरिकन कॉलेजकडून खेळताना जाहिरातीचे पैसे : पात्रता, कागदपत्रं आणि गाडी नेमकी कुठे अडते

मे महिना लागला की मला ठरावीक फोन सुरू होतात. मुलगी टेनिस खेळते किंवा मुलगा पोहतो, अमेरिकेतल्या कॉलेजची ऑफर हातात आहे आणि कोचबरोबरच्या व्हिडिओ कॉलमध्ये 'एनआयएल' हा शब्द कानावर पडलाय. मग प्रश्न येतो, "ताई, म्हणजे राहण्याखाण्याचा खर्च जाहिरातीतून सुटेल ना?" आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेक मुलांसाठी उत्तर 'नाही' असंच आहे. पण हे 'नाही' नक्की कोणाचं, हेच माहीत नसल्यामुळे लोक भलत्याच खिडकीपुढे रांग लावतात.

एनआयएल म्हणजे खेळाडूचं नाव, चेहरा आणि ओळख वापरू देण्याचा मोबदला. पूर्वी तिथल्या कॉलेज खेळाडूला यातला एक डॉलरही घेता येत नसे. एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूने व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब स्वतःसारखा खेळाडू पाहिला आणि २००९ मध्ये कोर्टात गेला, तिथून या नियमाला सुरुंग लागला. २१ जून २०२१ ला सुप्रीम कोर्टाने एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेविरुद्ध ९-० असा निकाल दिला. खटला जाहिरातींचा नव्हता, शिक्षणाशी निगडित लाभांचा होता, पण संघटनेचं अवसान गळालं आणि १ जुलैपासून जाहिरातीचे पैसे खुले झाले. ६ जून २०२५ ला खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि कॉलेजंही थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी एका कॉलेजची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

हा आकडा ऐकून पालकांचे डोळे चमकतात. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो. टेनिस, पोहणं, गोल्फ यांच्या ताटात शितं पडतात. उलट या पैशाची तजवीज करताना काही ठिकाणी छोटे खेळच बंद झाले. कॅल पॉली विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये पोहण्याचा अख्खा विभाग गुंडाळला.

भरती कशी बदलली, तेही इथेच सांगते, कारण ऑफर वाचताना त्याचा उपयोग होतो. आपली टेनिसपटू ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून, तेव्हा सौदा सरळ होता : खेळा, शिका, शिष्यवृत्ती घ्या. आता खेळाडू वर्षाच्या शेवटी 'ट्रान्सफर पोर्टल'मध्ये नाव टाकून कॉलेज बदलू शकतो, त्यामुळे अठरा वर्षांचं नवखं पोर घेण्यापेक्षा दोन वर्षं मुरलेला खेळाडू उचलणं कोचला परवडतं. तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा राहिली नाही, संघातल्या डोक्यांची आली. टेनिससाठी ती १० आहे. आधी पुरुषांच्या टेनिस संघात साडेचार शिष्यवृत्त्या सगळ्यांत वाटून द्याव्या लागत; आता कॉलेजने ठरवलं तर दहाही जणांना पूर्ण मिळू शकते, पण अकरावा घरी बसतो. म्हणून कोचला पहिला प्रश्न जाहिरातीचा विचारू नका. 'दहांत मी आहे का आणि शिष्यवृत्ती किती वर्षांसाठी लेखी मिळेल?' हे विचारा.

स्क्वॉशवाल्या मुंबईकरांसाठी एक ओळ : आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल वगैरे) विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत आणि या तडजोडीतही ती उतरलेली नाहीत.

पात्रता

एनसीएएच्या पात्रता केंद्रात खातं उघडणं, फी भरणं, पासपोर्टची प्रत देणं हे अर्ध्या तासाचं काम. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट २०२३ मध्येच गेली. डिव्हिजन वनसाठी, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटासाठी, १६ मुख्य विषय आणि त्यात चारपैकी किमान २.३ सरासरी लागते. खरी ठेच पुढे लागते.

पहिली ठेच, नववीचा निकाल. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका सगळ्यांकडे लॅमिनेट करून असतात (ते लॅमिनेशनही करू नका), पण केंद्राला नववीपासूनचं प्रत्येक वर्ष हवं असतं. नववीचं प्रगतिपुस्तक कोण जपून ठेवतं? शाळेत जाऊन निकालपत्रकाचा उतारा मागावा लागतो, तो मराठीत असतो, मग मूळ प्रत आणि प्रमाणित इंग्रजी भाषांतर दोन्ही द्यावं लागतं. उन्हाळी सुट्टीत शाळेचं ऑफिस अर्धवट उघडं असतं, म्हणून हे काम फेब्रुवारीतच उरका.

दुसरी, नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं आणि आईचं वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर क्रम निराळा, टेनिस संघटनेच्या नोंदणीवर तिसराच. तिघांचा मेळ लागला नाही की फाइल महिनोन्महिने पडून राहते. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

तिसरी, विषय. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, परकी भाषा अशा गटांत बसणारेच विषय मोजले जातात. कॉमर्सवाल्यांचं इको चालतं, पण ओसी (वाणिज्य संघटन) आणि एसपी (चिटणीसाची कार्यपद्धती) हे विषय या गटांत बसत नाहीत. सराव जमतो म्हणून कॉमर्स घेतलेली पोरं इथेच कमी पडतात.

चौथी सगळ्यात वाईट, कारण ती कळते तेव्हा वेळ गेलेली असते. नववी सुरू झाल्यापासून चार वर्षांत ते विषय पूर्ण व्हायला हवेत. नंतर फक्त एका विषयाची भर चालते. खेळासाठी अकरावीत 'ड्रॉप' घ्यायचा सल्ला आपल्याकडे कोच सर्रास देतात. तो देताना त्यांना हा नियम माहीत नसतो, एवढंच म्हणते.

याशिवाय हौशीपणाची प्रश्नावली. त्यात आजवरच्या स्पर्धा आणि बक्षिसाच्या रकमा लिहायच्या. जाहिरातीचे पैसे खुले झाले म्हणजे बक्षिसाचेही आपोआप झाले असं समजू नका. ती दोन वेगळी खाती आहेत. नॉर्थ कॅरोलिनाची टेनिसपटू रीस ब्रँटमायर याच मुद्द्यावर २०२४ मध्ये कोर्टात गेली. प्रवास, हॉटेल, कोचची फी यांच्या पावत्या ठेवा, कारण बक्षिसातून खर्च वजा दाखवायची वेळ येऊ शकते. आणि प्रश्नावली भरली म्हणजे काम संपलं नाही. ऑगस्टला जाणाऱ्यांनी १ एप्रिलनंतर पुन्हा लॉगिन करून अंतिम प्रमाणपत्राची विनंती करायची असते. हे बटण न दाबता जुलैपर्यंत वाट बघत बसलेली घरं मी मोजायची सोडून दिली आहेत.

आता व्हिसा

सगळा घोळ एका वाक्यात आहे : "एनसीएएची परवानगी आहे ना, मग झालं." एनसीएए ही खेळाची संघटना आहे. तुमचं पोर अमेरिकेत राहतं ते एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आणि तो सरकारचा विषय. एफ-१ वर कॅम्पसमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. कॅम्पसबाहेर वेगळ्या मंजुरीशिवाय नाही. हे नियम लिहिले गेले तेव्हा एनआयएल नव्हतं आणि आजही त्यात एनआयएलचं स्वतंत्र कलम नाही. अमेरिकन सहकारी रूममेट बुटांची रील टाकून पैसे घेते. तेच आपल्या मुलीने केलं तर ते विनापरवाना काम ठरू शकतं आणि व्हिसाचा दर्जा जाऊ शकतो. हॉस्टेलच्या खोलीत, गादीवर बसून केलेली रीलसुद्धा अमेरिकेच्या जमिनीवर केलेलं कामच.

म्हणून करार वाचताना एकच कसोटी लावा : काम कोण करतंय आणि कुठे? आधी काढलेला फोटो कंपनीने वापरला, नावाचा टी-शर्ट विकला आणि त्याची रॉयल्टी आली, तर विद्यापीठांचे वकील सहसा त्याला काम न धरता निष्क्रिय उत्पन्न धरतात. शूटिंग, सह्यांचा कार्यक्रम, लहान मुलांचं शिबिर, दुकानाचं उद्घाटन हे काम. मायदेशी किंवा तिसऱ्या देशात केलेल्या कामाला एफ-१ ची ही बंदी लागत नाही. केंटकीचा काँगोहून आलेला बास्केटबॉलपटू ऑस्कर च्विब्वे याने २०२२ च्या ऑगस्टमध्ये संघ बहामाजला गेला असताना तिथेच आपले करार उरकले, ते याचमुळे.

कॉलेज स्वतः देतं त्या वाट्याचं काय? तो परवाना शुल्क आहे की पगार, यावर विद्यापीठागणिक वकील वेगळं बोलतात. तुमच्या कॉलेजचं उत्तर लेखी घ्या. विचारायचं कोणाला, तर दोघांना. खेळ विभागातलं नियमपालन कार्यालय एनसीएएचं बघतं आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातला डीएसओ (व्हिसाच्या नोंदी बघणारा विद्यापीठाचा अधिकारी) व्हिसाचं. पहिला म्हणतो दुसऱ्याला विचारा, दुसरा म्हणतो पहिल्याला. ही टोलवाटोलवी फक्त आपल्या तहसील कचेरीत चालते असं वाटत असेल तर गैरसमज दूर करा. दोघांना एकाच ईमेलवर घ्या, करार जोडा आणि डीएसओचा लेखी होकार आल्याशिवाय सही करू नका. मुंबईच्या मुलाखतीतही 'जाहिरातीतून कमवीन' हे वाक्य तोंडातून काढू नका. विद्यार्थी शिकायला चाललाय. पैशांची सोय म्हणून शिष्यवृत्तीचं पत्र आणि घरचं बँक खातं दाखवायचं.

फॉर्म, मुदत आणि एक किस्सा

डिव्हिजन वनमध्ये ६०० डॉलर किंवा त्याहून जास्तीचा बाहेरचा करार 'एनआयएल गो' या पोर्टलवर कळवावा लागतो. मुदत कामकाजाचे ५ दिवस. ते सहीपासून मोजायचे. लोक पैसे खात्यात आल्यापासून मोजतात आणि अडकतात. रोख रक्कमच मोजायची असंही नाही, फुकट मिळालेल्या रॅकेट-बुटांची किंमतही धरतात. करारामागे खरा व्यवसाय आहे ना आणि रक्कम वाजवी आहे ना, हे तिथे तपासलं जातं. कॉलेजात नाव घालण्याआधीचे करारही दाखल झाल्यावर कळवायचे असतात.

कोल्हापूरकडच्या एका मुलीचा करार गेल्या वर्षी माझ्याकडे आला. चार पानं, मोबदला ९०० डॉलर. तिसऱ्या पानावर महिन्याला दोन रील आणि एक दुकानभेट. शेवटी जोडलेला फॉर्म डब्ल्यू-९. कंपनीतल्या मुलाने सगळ्यांना तोच पाठवलेला, आणि हिने निळ्या पेनाने अर्धा भरूनही टाकला होता. डब्ल्यू-९ वर सही म्हणजे 'मी अमेरिकन नागरिक किंवा करासाठी अमेरिकन व्यक्ती आहे' अशी शपथ. एफ-१ वरच्या नवख्या विद्यार्थ्याने ती घेणं म्हणजे ९०० डॉलरसाठी खोटी शपथ. रॉयल्टीसाठी परदेशी व्यक्तीचा फॉर्म डब्ल्यू-८बेन असतो. त्यावर सोशल सिक्युरिटी नंबर मागतात तोही हिच्याकडे नव्हता, कारण कॅम्पसवर नोकरी नसेल तर तो सहसा मिळत नाही. अशांनी डब्ल्यू-७ भरून आयटीआयएन हा करासाठीचा नंबर घ्यायचा. आणि ८८४३ हा करखात्याचा फॉर्म उत्पन्न शून्य असलं तरी दरवर्षी भरायचा, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आम्ही रील आणि दुकानभेट काढायला लावली. कंपनीने आधी आढेवेढे घेतले, मग ६५० डॉलरवर आली. फोटो डिसेंबरच्या सुट्टीत घरी, तिच्या जुन्या क्लबच्या लाल मातीच्या कोर्टवर काढायचे ठरले. पाठीमागे पाण्याची टाकी दिसत होती, ती कंपनीला फार आवडली. 'कायमस्वरूपी हक्क' हे दोन शब्द खोडून तिथे 'एक वर्ष' लिहिलं. डीएसओचं उत्तर अकराव्या दिवशी आलं. सही गुरुवारी झाली. ती म्हणाली, मंगळवारपर्यंत वेळ आहे. कामकाजाचे दिवस मोजले तर पुढच्या गुरुवारपर्यंत होता, पण मी तिला ते सांगितलं नाही.