निर्यात-उत्पादन, ठाणे–नवी मुंबई पट्ट्यातील

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरच्या कारखान्यांतला माल परदेशी पाठवण्याची व्यवस्था. रस्ते, पूल, बंदर हे तिचे एक अंग. जमीन, तपासणी व सीमाशुल्क यांचे नियम राबवणाऱ्या संस्था हे दुसरे.

तिचा आरंभ कधी धरावा याविषयी मतभेद आहेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या पहिल्या वसाहतींपैकी एक, म्हणून बहुधा तेच वर्ष सांगितले जाते. वाशीचा पहिला खाडीपूल सत्तरच्या दशकातला. निर्यातीपुरते पाहता मात्र २६ मे १९८९ रोजी सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर हा टप्पा अधिक ग्राह्य वाटतो. तोवर तुर्भे-रबाळ्याच्या मालाला मुंबईच्या जुन्या गोद्यांचाच आधार होता. या उभारणीची किंमत बंदर ज्या तालुक्यात आहे त्या उरणच्या भूमिपुत्रांनी मोजली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील, संपादित जमिनींच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे आलेली साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी जमीन विकसित करून मूळ मालकाला परत देण्याची, या लढ्याचेच फळ होय. हा लढा वगळून बंदराचा इतिहास पुरा होत नाही.

विकसनशील देशांची निर्यात कशाने अडते? अर्थशास्त्रज्ञ लिमाओ व व्हेनेबल्स (२००१) यांनी वाहतूकखर्चातला पायाभूत सुविधांचा वाटा मोठा ठरवला. जांकोव्ह, फ्रॉइंड व फाम (२०१०) यांच्या मते मात्र सुमारे तीन-चतुर्थांश विलंब कागदपत्रे, तपासण्या व परवानग्यांतला असतो आणि एकेका दिवसाच्या विलंबाने व्यापार एक टक्क्याहून अधिक घटतो. या पट्ट्याचा अनुभव दुसऱ्या मताला जवळचा आहे. पूर्वी कारखान्यातच कंटेनर भरायचा तर अबकारी निरीक्षक समोर हवा. त्याच्या देखरेखीखाली दार बंद होऊन मोहोर लागल्यावरच ट्रेलर हलायचा. २०१७ पासून निर्यातदार स्वतः इलेक्ट्रॉनिक सील लावतो, त्याचा क्रमांक शिपिंग बिलाशी (निर्यातीसाठी सीमाशुल्काकडे भरायच्या कागदाशी) जोडला जातो आणि बंदरावर सील शाबूत आहे का एवढेच सहसा पाहिले जाते. रस्ता तोच, बंदर तेच. वाचली ती साहेबांची वाट पाहण्यातली वेळ.

हा लाभ पूर्ण कंटेनर भरू शकणाऱ्यांना. पाच-दहा पेट्या पाठवणाऱ्या लघुउद्योजकाचा माल अजूनही टेम्पोने उरण-पनवेलकडच्या सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या, कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या गोदामात) जातो आणि इतरांच्या पेट्यांबरोबर कंटेनर भरेपर्यंत तिथेच थांबतो.