पार्श्वभूमी: चळवळीतला माणूस आमदारकीला उभा राहतो तेव्हा, आणि शहादा राखीव झाल्यावर काय बदललं

विधानसभा जवळ आली की शहाद्याच्या बसस्टँडसमोर चहा पिताना एक वाक्य हमखास कानावर येतं, मोर्च्याला अख्खा सातपुडा खाली उतरतो पण मतदानाच्या मशीनमधून काहीच निघत नाही. बोलणारा हे असं बोलतो की जणू उभ्या राहिलेल्या चळवळीतल्या कार्यकर्त्याने पंचवीस वर्षं केलेलं काम खोटंच होतं. मला हे वाक्य ऐकवत नाही. मी अशा उमेदवारीच्या मागे दोन निवडणुका फिरलोय, पोलिंग एजंट म्हणून बसलोय, म्हणून हे जरा मागून सांगतो. कुठल्या एका माणसाबद्दल किंवा संघटनेबद्दल नाही, कारण नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या सातपुड्याच्या पट्ट्यात ही गोष्ट सगळ्यांची थोड्याफार फरकाने सारखीच आहे.

फार जुनं नाही सांगत. १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन खेड्यात भरलं तेव्हापासून खान्देशात शेतकरी मोर्चे आणि राजकारण एकत्रच चालत आलंय, ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या विषयाची सुरुवात १९७२ च्या आसपासची. दुष्काळ पडलेला, शहादा-तळोद्याच्या सपाटीवर भिल्लांच्या जमिनी कर्जापायी, उसनवारीपायी दुसऱ्यांच्या नावावर गेलेल्या आणि ज्याची जमीन तोच त्या जमिनीवर सालदार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं, उचल घ्यायची, वर्ष संपेपर्यंत ती फिटायची नाही की पुढच्या आखाजीला परत तोच मालक. त्याच काळात गावातली आदिवासी तरुण पोरं आणि बाहेरून आलेले शिकलेले कार्यकर्ते एकत्र आले, मजुरीसाठी संप झाले, जमिनी परत घ्यायची आंदोलनं झाली. पुढे राज्याने आदिवासींच्या जमिनी परत करायचा कायदा केला, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात बिगर आदिवासीकडे गेलेल्या जमिनी त्यात धरल्या. कायदा झाला म्हणून जमीन आपोआप मिळाली असं नाही. तारखांना हजर राहायचं, सातबारा काढायचा, जुने फेरफार शोधायचे, हे सगळं कोणीतरी करायला लागायचं आणि ते जो करायचा त्याला लोक कार्यकर्ता म्हणायला लागले.

त्या पिढीतल्या बऱ्याच जणांना निवडणूक नकोच होती. आमदार झालात की लोकांपासून तुटता, आणि हरलात तर तहसीलदारसुद्धा विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. नर्मदेच्या बाजूलाही तेच. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यातली मिळून महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात आली, पुनर्वसनाची लढाई दशकांवर दशकं चालली पण तिथेही जोर कोर्ट, धरणं, उपोषण ह्याच्यावर राहिला. पक्षाचं राजकारण म्हणजे आपल्यातच फूट, हा अनुभवच होता लोकांचा. मला ही भूमिका तेव्हाही समजायची, आजही समजते, पण तिचा एक तोटा झाला, निवडणुकीचं जे बारीक काम असतं ते आपल्याकडे कोणी शिकलंच नाही, मतदार यादी, बूथ, मतदारसंघाच्या सीमा, काहीच नाही.

आणि इथेच ती गोष्ट येते जिच्याबद्दल मला जास्त बोलायचंय, २००८ ची मतदारसंघ पुनर्रचना.

त्याआधी नंदुरबार जिल्ह्यात (जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला) अक्राणी आणि तळोदा असे दोन वेगळे राखीव मतदारसंघ होते आणि शहादा खुला होता. धुळ्यातलं शिरपूर खुलं होतं, जळगावमधलं चोपडा खुलं होतं. २००१ च्या जनगणनेवरून नवी रचना झाली, १९ फेब्रुवारी २००८ पासून लागू झाली आणि २००९ ची विधानसभा त्याच्यावर झाली. अक्राणी आणि अक्कलकुवा हे दोन्ही तालुके एका मतदारसंघात आले, तोच राज्याच्या यादीतला क्रमांक १ अक्कलकुवा. तळोदा शहाद्याला जोडलं आणि शहादा अनुसूचित जमातीसाठी राखीव झालं. नंदुरबार जिल्ह्याच्या चारही जागा राखीव, अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर. शिवाय साक्री, शिरपूर, चोपडा. म्हणजे तापीच्या उत्तरेचा सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा चोपड्यापर्यंत जवळजवळ सलग राखीव झाला.

हा निर्णय चुकीचा होता का? माझं स्पष्ट मत आहे, नव्हता. कायद्यात लिहिलंय की जमातीच्या जागा जिथे लोकसंख्येत त्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त तिथे द्यायच्या आणि २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात ते प्रमाण ६९ टक्के आहे. शहादा एवढी वर्षं खुलं राहिलं हेच उलट आश्चर्य. पण चळवळीवर त्याचा परिणाम दोन बाजूंनी झाला आणि दोन्ही नीट समजून घ्यायला पाहिजेत.

पहिली बाजू, जे कार्यकर्ते आदिवासी नाहीत, जे तरुणपणी इकडे आले, इथेच राहिले, इथेच म्हातारे झाले, त्यांना ज्या गावांमध्ये आयुष्य गेलं तिथून उभंच राहता येत नाही. मतदान शहाद्यात करायचं आणि लढायचं असेल तर धुळे ग्रामीण, शिंदखेडा नाहीतर रावेर बघायचं, जिथे ओळख वेगळी, प्रश्न वेगळे. काहींना ह्याचं वाईट वाटलं. मला नाही वाटलं, कारण तीस-चाळीस वर्षं काम करून तिथला आदिवासी कार्यकर्ता उभा राहण्याएवढा तयार झाला नसेल तर ते काम कुठेतरी कमी पडलं असंच म्हणायला लागेल. आणि तयार झाले होते की, चांगले बोलणारे, कायदा माहीत असलेले.

दुसरी बाजू जास्त अवघड आहे आणि तिथे राखीव ह्या शब्दाचा घोळ आहे. बाहेरच्या, अगदी पुण्या-मुंबईच्या लोकांशी बोलताना मला कायम जाणवतं की त्यांना वाटतं राखीव मतदारसंघ म्हणजे तिथे आदिवासी आपला माणूस निवडतात. तसं नाहीये. राखीव फक्त उमेदवारी असते, मतदान सगळे करतात. शहादा-तळोद्यात सपाटीवरचा ऊस, केळी, कापूसवाला शेतकरी मतदार आहे, शहरातला व्यापारी आहे, मुस्लिम वस्ती आहे. मतदार म्हणून त्यांचा हक्क आहेच, त्यात काही गैर नाही. पण विचार करा, ज्या आदिवासी कार्यकर्त्याने मजुरीचा दर वाढवायला संप केला, ज्याने जमीन परत मिळावी म्हणून केस लावली, त्याने ती कोणाच्या विरोधात लावली होती? सपाटीवरच्याच कोणाच्या तरी. आता पाच वर्षांनी त्याच घराच्या ओट्यावर जाऊन हात जोडायचे. मी स्वतः गेलोय सोबत. चहा देतात, चांगलं बोलतात, आणि मत दुसऱ्या आदिवासी उमेदवाराला जातं, ज्याने त्यांना कधी त्रास दिलेला नाही. दोघेही आदिवासीच, दोघांचे कागद बरोबर, राखीव जागेची अट दोघेही पूर्ण करतात. फरक एवढाच की एक भांडलेला आहे आणि एक नाही. पक्ष तिकीट देताना हेच बघतात, कोण सगळ्यांना चालेल, आणि मग बहुतेक वेळा ते तिकीट आधीच राजकारणात असलेल्या घरात जातं.

हे २००८ आधी अक्राणी-तळोद्यात नव्हतं का, तर होतं, पण डोंगरातल्या मतांचं वजन जास्त होतं. तळोद्याच्या डोंगराखालच्या गावांना शहाद्याच्या सपाटीशी जोडल्यावर हिशोबच बदलला. तसंच यावल तालुक्याचं झालं, थोडा चोपड्यात, थोडा रावेरमध्ये. तिथल्या पावरा-बारेला आदिवासींच्या वस्त्यांमध्ये ज्याने वनदाव्यांचं, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काच्या दाव्यांचं, काम केलं त्याची अर्धी गावं राखीव मतदारसंघात आणि अर्धी खुल्या. तो कुठूनही उभा राहिला तरी अर्धी माणसं त्याला मत देऊच शकत नाहीत.

आणि हे सगळं कधी झालं बघा. वनहक्क कायदा संसदेत डिसेंबर २००६ ला मंजूर, ३१ डिसेंबर २००७ पासून लागू. पुनर्रचनेचं काम बरोबर त्याच वर्षांत चाललेलं, मसुदे निघत होते, हरकती मागवत होते. आपले लोक तेव्हा दुसरीकडे गुंतले होते. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतोय ह्याचा पुरावा गोळा करायचा, दंडाच्या जुन्या पावत्या, गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब, ग्रामसभेचा ठराव, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. तिकडे नकाशावर रेघ कुठून जाते ते बघायला कोणाला वेळ होता! पक्षवाल्यांची माणसं मात्र बघत होती.

आता अपक्ष उभं राहण्याबद्दल. खान्देशात अपक्ष निवडून येत नाही असं अजिबात नाही. अमळनेरने २००९ आणि २०१४ ला लागोपाठ अपक्ष निवडला, २०१९ ला साक्री आणि मुक्ताईनगर दोन्हीकडे अपक्ष आले, मुक्ताईनगरमध्ये तर एका मोठ्या पक्षाने स्वतःचा उमेदवार मागे घेऊन अपक्षाला पाठिंबा दिला, त्याला आपल्याकडे पुरस्कृत म्हणतात. म्हणजे अपक्ष असणं हे हरण्याचं कारण नाही, पण मागे काहीच यंत्रणा नसलेला अपक्ष असणं हे आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. आणि सूचक अंगठा लावणारा असेल तर तो अंगठा निवडणूक अधिकाऱ्यासमोर नाहीतर निवडणूक आयोगाने ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यासमोर लावावा लागतो. मी ज्यांच्यासाठी फिरलो त्या आमच्या अपक्ष उमेदवाराचे, भाऊंचे, दहापैकी सहा सूचक डोंगरातले, अंगठेवाले. त्यांना घाट उतरवून आणायला आदल्या रात्री जीप पाठवली, ती बंद पडली, माणसं पहाटे चालत निघाली आणि वेळेत पोचली. माझ्यासाठी त्या निवडणुकीतला सगळ्यात मोठा क्षण तोच.

मग चिन्ह. पक्षाचं चिन्ह लोकांना पाठ असतं, अपक्षाचं माघारीची मुदत संपल्यावर ठरतं. २०१९ ला माघारीचा शेवटचा दिवस ७ ऑक्टोबर आणि प्रचार संपला १९ ला, बारा दिवस. २०२४ ला ४ नोव्हेंबर ते १८ नोव्हेंबर, चौदा दिवस. एवढ्यात अक्कलकुव्यासारख्या मतदारसंघात, जिथे नर्मदाकाठच्या काही केंद्रांवर मतदानाचं साहित्य बोटीने जातं, तिथे पाड्यापाड्यावर नवीन चिन्ह पोचवायचं. डिपॉझिट जमातीच्या उमेदवाराला निम्मं असतं, आता ५ हजार, एक षष्ठांश मतं नाही पडली की तेही जातं. ५ हजार वर्गणी काढून जमतात हो, खर्चाची मर्यादा ४० लाख झालीय तिथे खरी अडचण, कारण समोरचा तेवढा करू शकतो आणि आपण जीपच्या डिझेलला मोताद.

आणखी एक गोष्ट, जी मी कुठे कोणाला बोलताना ऐकली नाही. २००४, २००९, २०१४, २०१९ ह्या चारही विधानसभांचं मतदान दिवाळीच्या आधी झालं. २०२४ ला २० नोव्हेंबरला, दिवाळी होऊन गेल्यावर. आपल्याकडे दिवाळी झाली की डोंगरातली कुटुंबंच्या कुटुंबं पोरंबाळं घेऊन ऊसतोडीला निघतात, गुजरातला, पश्चिम महाराष्ट्राला. पाड्यावर म्हातारी माणसं आणि कुलुपं. पक्षाच्या उमेदवाराची मतं सगळीकडे पसरलेली असतात, त्यालाही फटका बसतो पण थोडा. चळवळीच्या उमेदवाराची मतं त्याच पाड्यांमध्ये, त्याच कुटुंबांमध्ये. नोव्हेंबर २०१८ मध्ये ठाण्याहून मुंबईपर्यंत जो मोर्चा चालत गेला त्यात खान्देशातली किती माणसं होती ते सगळ्यांनी बघितलं. तीच माणसं मतदानाच्या दिवशी कुठल्या फडात कोयता चालवत असतील तर मशीनमध्ये ती दिसणार कशी?

हां, सगळंच बाहेरचं कारण आहे असंही मी म्हणणार नाही. तळोद्याजवळच्या एका गावात एक बाबा भाऊंना तोंडावर म्हणाले होते, "भाऊ, तू आपला शे, पन मतनं मंग देखूत." (तू आपला आहेस, पण मताचं मग बघू.) त्यांच्या वनदाव्याचं काम भाऊंनीच केलेलं, पट्टा हातात मिळालेला. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशोबात कार्यकर्ता तहसीलमध्ये भांडायला आणि आमदार रस्ता, घरकुल, दवाखान्यात चिठ्ठी द्यायला. भाऊ आमदार झाले तर भांडायला कोण राहील, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर आमच्याकडे तेव्हा नव्हतं. भाऊंनी नंतर मला सांगितलं की हरल्याचं त्यांना वाईट नाही वाटलं, पण त्या बाबांना काय सांगायचं ते सुचलं नाही ह्याचं वाटलं.

ग्रामपंचायत, झेडपीचं आरक्षण फिरतं, विधानसभेचं फिरत नाही. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत ह्या सीमा अशाच राहणार. ते आकडे आले की परत मसुदा निघेल, परत हरकती मागवतील, आणि तेव्हा कोणाच्या हातात गावांची यादी असेल ह्याच्यावर बरंच काही ठरणार. मी यावलपासून सुरुवात केलीय, कुठला पाडा कुठल्या गावाला जोडलाय, बूथ कुठे, दिवाळीनंतर किती घरं बंद असतात, एका वहीत लिहितोय. तळोद्याचं अजून कोणी घेतलेलं नाही.